शैलानं हुंगलेलं पाणी

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा मी नळापाशी होते. आमच्या कॉलनीत आठ-दहा दिवसांतून एकदा पाणी येण्याचा तो दिवस होता, आणि ज्यांनी गेली काही वर्षं या शहरात काढली आहेत त्यांना त्या दिवसाबद्दल वेगळं सांगायला नको. त्या दिवशी कुणी लग्नाला जात नाही, दवाखान्याची वेळ घेत नाही, आलेल्या पाहुण्याला दारातूनच वाटेला लावतात. फोनवर शैलाचे यजमान मुकुंदराव होते. "गेली हो..." एवढंच म्हणाले. मी "येते" म्हटलं. पण नळाला धार होती आणि टाकी अर्धीच झाली होती. मी टाकी भरली, हंडे भरले, पाइप गुंडाळून खिळ्याला अडकवला आणि मग पडेगावला जायला रिक्षा शोधली. रडू आलं ते रिक्षात बसल्यावर. उशीर का झाला असं तिकडं कुणी विचारलं नाही. माझा ओला पदर बघून सगळ्यांना कळलं होतं. शैला असती तर तिनंही आधी पाणीच भरायला सांगितलं असतं. फक्त वर एक प्रश्न विचारला असता, "ड्रम कुठून घेतलास गं?"

हा प्रश्न ती सगळ्यांना विचारायची. ज्यांनी तिला शेवटच्या काही वर्षांत पाहिलं त्यांच्या लक्षात ती एक चक्रम बाई म्हणूनच राहिली असणार. कुणाच्याही घरी गेली की पाण्याचा पेला ओठांना लावण्याआधी नाकाला लावायची. एकदा नाही, दोनदा. मग पाणी कशात साठवता, तो ड्रम नवा घेतला की जुना, आधी त्यात काय होतं, अशी सरबत्ती. एका हळदीकुंकवाला तर घरच्या बाईंनी तिच्या हातातला पेला काढून घेतला आणि म्हणाल्या, "नका पिऊ मग." मला त्या बाईंचा राग आला आणि शैलाचाही आला. घरी येताना मी तिला म्हटलं, तुला बाहेर न्यायचं म्हणजे तोंड लपवायची पाळी येते. ती अशी का झाली होती हे मला माहीत होतं, तरी मी बोललेच. आता तिच्याबद्दल चार शब्द लिहून द्या असं मला सांगितलं गेलं आहे, तर लोकांना चक्रम वाटलेल्या त्या बाईची गोष्ट एकदा नीट सांगते.

आमची ओळख कॉलेजातली. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेणाऱ्या मुली तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या, म्हणून आम्हाला एकाच बाकावर कोंबलं होतं. मी पाठांतरवाली, शैला हुंगणारी. प्रयोगशाळेत बाटलीवरची चिठ्ठी वाचण्याआधी ती बूच काढून नाक लावायची आणि सरांच्या शिव्या खायची. एकदा आम्ही शहागंजात एका अत्तरवाल्याकडं गेलो. दुकानातल्या म्हाताऱ्या चाचांनी आमच्या मनगटावर गुलाब लावला, तर हिनं पर्समधून टीपकागदाचा तुकडा काढून म्हटलं, इथंही एक थेंब द्या. मग तो कागद घेऊन ती दुकानाच्या पायरीवर उन्हात जाऊन बसली. चाचा आधी हसले, मग वैतागले. "बेटी, अत्तर को सूंघते, सुखाते नईं," ते म्हणाले. वास कमी होत गेला, पण कागदावरचा डाग तसाच राहिला, भज्यांच्या कागदावर राहतो तसा. अस्सल सुगंधी तेल पूर्ण उडून जातं आणि कागद कोरा होतो, डाग राहिला म्हणजे आत दुसरं काहीतरी आहे, हे तिनं मला समजावून सांगितलं, आणि तेही त्यांच्यासमोर, मोठ्यांदा. मी तिला दंडाला धरून रस्त्यावर आणलं. चाचांनी मागून सांगितलं, "सब में कुछ ना कुछ रहताइच, बेटी. खाली हमारेइच में नईं." त्या वाक्यावर आम्ही दोघी कितीतरी वर्षं हसायचो.

पुढं मी शाळेत शिकवायला लागले आणि शैला चिकलठाण्याला कारखान्यांच्या वसाहतीत एका खासगी प्रयोगशाळेत लागली. तिथं साबणवाले, अगरबत्तीवाले, औषधवाले आपापली तेलं घेऊन येत. गवती चहा, निलगिरी, वाळा, लवंग, रोशा. सुट्टीच्या दिवशी मी तिच्याकडं जाऊन बसायची. विज्ञानाच्या ओढीनं नव्हे. तिथल्या यंत्राला गारवा लागायचा म्हणून एसी होता आणि आमच्या शाळेत पंखेही धड नव्हते. बसल्या बसल्या ती मला तिचं काम दाखवायची. आधी तेल पाण्याच्या मानानं किती जड आहे ते बघायचं. मग प्रकाश त्यातून जाताना किती वाकतो ते. मग अल्कोहोलमध्ये विरघळवून गढूळ होतं का ते. पण या सगळ्यातून सहीसलामत सुटणारी भेसळही असते, कारण भेसळ करणारेही शेवटी रसायनशास्त्र शिकलेलेच. म्हणून शेवटी मोठं यंत्र. सुईच्या टोकावर मावेल एवढं तेल आत सोडायचं. आत केसासारखी बारीक आणि लांबच लांब, गुंडाळून ठेवलेली नळी. तापल्यावर तेलाची वाफ होते, आणि त्या तेलात जी जी द्रव्यं असतील ती नळीतून जाताना एकमेकांपासून सुटी होत आपापल्या वेळेला बाहेर पडतात. "पंगतीतून माणसं उठतात तसं," शैला म्हणायची. "थोडं खाणारे आधी, दाबून जेवणारे मागून. कोण कधी उठणार हे ठरलेलं." एकेक द्रव्य बाहेर पडलं की आलेखावर एकेक शिखर उमटायचं. द्रव्य जास्त असेल तितकं शिखर मोठं. तिला ती शिखरं शेजारपाजारच्या माणसांसारखी ओळखीची होती. "यंत्र काय आहे ते सांगतं," ती एकदा म्हणाली होती. "कुणी घातलं, का घातलं, हे त्याला विचारायचं नाही." मला तेव्हा ते तिचं नेहमीचं तिरकं बोलणं वाटलं.

खुलताबादच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावर रोशा गवत उगवायचं. शेळ्यामेंढ्या त्याला फारसं तोंड लावत नाहीत, त्यामुळं ते उभंच राहतं. पावसाळा सरून गवत फुलोऱ्यावर आलं की तिथल्या एका वस्तीतली मेंढपाळ घरं ते कापून भट्टीत घालत. भट्टी म्हणजे एक मोठं बंद भांडं. खाली जाळ, वरून निघालेली नळी हौदातल्या गार पाण्यातून नेलेली. गवतातून निघालेली वाफ त्या नळीत थंड व्हायची आणि पुढच्या भांड्यात पाण्यावर तेल तरंगायचं. या तेलाला गुलाबासारखा वास असतो, इतका की गुलाबाच्या अत्तरात भेसळ करायला हेच वापरतात. भेसळीचा मालसुद्धा शुद्ध आहे ना, हे विचारायला लोक आपल्याकडं येतात याची शैलाला फार गंमत वाटायची. वस्तीतली भट्टी गयाबाई सांभाळायची. नवरा किसन मेंढ्यांमागं, जाळ आणि तेल हिच्याकडं. दर हंगामात एक व्यापारी यांचं सगळं तेल उचलायचा आणि त्याआधी नमुना शैलाकडं पाठवायचा. गयाबाईच्या तेलाचा आलेख इतका स्वच्छ यायचा की शैलानं त्यातलं थोडं एका तपकिरी बाटलीत राखून ठेवलं होतं, आणि दुसऱ्या कुणाचंही रोशाचं तेल आलं की ती त्या बाटलीशी ताडून बघायची. गयाबाई एकदा नमुना घेऊन स्वतःच आली होती तेव्हा शैलानं तिला ती बाटली दाखवली. गयाबाईनं तोंडाला पदर लावला. "आमचं त्याल साळा शिकवतंय व्हय," ती म्हणाली आणि कितीतरी वेळ हसत राहिली.

मग पावसानं ओळीनं पाठ फिरवली. नदी-नाले सोडा, हातपंपाला हवा येऊ लागली. आणि नेमकं तेव्हाच शहर चहूबाजूंनी फुगत होतं. पडेगावकडं, चिकलठाण्याकडं इमारतींमागून इमारती उठल्या. शैला-मुकुंदरावांनीही पडेगावला तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. संडासात परदेशी फरश्या, स्वयंपाकघरात तीन नळ, आणि तिन्ही कोरडे. शहरात आणि खेड्यात, सगळीकडं टँकर. जिथं टँकर तिथं निळे प्लास्टिकचे ड्रम. दारात, जिन्यात, गच्चीवर, रस्त्याच्या कडेला, बघावं तिकडं निळे ड्रम. एवढे ड्रम एकाएकी आले कुठून, असा प्रश्न कुणालाच पडला नाही. तहान लागलेली असताना असले प्रश्न पडतही नाहीत.

त्या वर्षी डोंगरावर रोशाशिवाय हिरवं काही उरलं नव्हतं, आणि तेही कसंबसं. मेंढ्या बहुतेक विकून झाल्या होत्या. गयाबाईच्या वस्तीचं सगळं वर्ष त्या एका खेपेच्या तेलावर होतं. नमुना आला. शैलानं सवयीप्रमाणं एक थेंब कागदाच्या पट्टीवर टाकला, पट्टी खिडकीत चिमट्याला लावली आणि बाकीच्या कामाला लागली. वास नेहमीसारखाच, गोड. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून टाकायला गेली तर डाग तसाच. मग तिनं यंत्र लावलं. गुलाबाचा वास देणारं जे मुख्य द्रव्य, जिरॅनिऑल, त्याचं मोठं शिखर जागच्या जागी होतं. पण त्याच्या बरंच मागं, जिथं गयाबाईच्या तेलात कधीच काही नसायचं, तिथं आणखी एक शिखर उभं होतं. तिनं सुई धुतली, नळी साफ केली, पुन्हा लावलं, पुन्हा तेच. ते द्रव्य ती ओळखत होती. थॅलेट जातीचं. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून कारखान्यांत वापरतात. त्याला वास नसतो, आणि म्हणूनच अत्तरात, तेलात माल वाढवायला ते फार सोयीचं. त्या संध्याकाळी तिचा मला फोन आला. "गयाबाईनं असं करावं?" ती म्हणाली. आवाजावरून वाटलं, घरात कुणीतरी दगा दिलाय. मी म्हटलं, पोटाला नसलं की कुणीही करेल. तिनं फोन ठेवून दिला. अहवाल तिनं आढळलं तसा लिहिला. दुसरं काय लिहिणार? व्यापाऱ्यानं माल घेतला नाही, आणि का घेतला नाही ते बाजारात सांगितलं. या धंद्यात 'भेसळ' हा शब्द एकदा चिकटला की दुसरं गिऱ्हाईक दारात उभं राहत नाही.

काही दिवसांनी गयाबाई प्रयोगशाळेत आली. मी तेव्हा तिथंच होते. ती खुर्चीवर बसली नाही, भिंतीला टेकून उभी राहिली.

"ताई, आमी काय घातलं म्हनता त्याच्यात?"

"ते तुम्हीच सांगा, गयाबाई."

"गवात अन् पानी. तिसरं काय बी नाय."

"यंत्रात तिसरं आलंय."

"मंग यंत्राला इचारा कुनी घातलं," गयाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तिला खरंच वाटत होतं की विचारता येत असेल. शैला म्हणाली, "मी येते तुमच्याकडं. बघते."

रविवारी आम्ही दोघी गेलो. ऊन असं की डोंगराकडं बघवत नव्हतं. शैलानं भट्टी बघितली, नळी बघितली, हौद बघितला, भांड्यांत बोट फिरवून वास घेतला. कुठंच काही नाही. मग तिनं विचारलं, तेल ठेवता कशात. गयाबाईनं कोपऱ्यातल्या निळ्या प्लास्टिकच्या कॅनकडं बोट दाखवलं. पूर्वी तिचं तेल ॲल्युमिनियमच्या झाकणाच्या डब्यांत असायचं, ते शैलाला आठवत होतं. ते डबे कुठं गेले? गयाबाईनं घराच्या आत नेलं. चुलीशेजारी, पाटावर, घासूनपुसून लखलखीत केलेले ते डबे रांगेनं ठेवले होते आणि त्यांत प्यायचं पाणी होतं.

"पान्याला चांगलं भांडं नको व्हय, ताई?" ती म्हणाली. "लेकरं पित्यात. त्याल काय कुनी पितं का? त्ये ऱ्हातंय कशात बी."

"आणि हा निळा कॅन कुठला?"

"चिकलठान्याचा. कंपनीची जुनी टिपाडं अन् कॅन इकतंय तिथं एक जन. टँकर सुरू झाला तवा समद्या वस्तीनं आनली. राखंनं घासला मी, उन उन पान्यानं धुतला. पानी नव्हतं तरी धुतला."

मला एकदम हलकं वाटलं. गयाबाईनं काही घातलं नव्हतं. कारखान्यातून आलेल्या कॅनच्या अंगात मुरलेलं द्रव्य तेलानं ओढून घेतलं होतं, एवढंच. ज्या दुष्काळात कुणाला तेलाची फिकीर उरली नव्हती, त्यात या बाईनं चांगलं भांडं पाण्याला दिलं होतं, आणि त्याची शिक्षा म्हणून तिचं तेल भेसळीचं ठरलं होतं. मी हसून शैलाकडं वळले, तर ती दारात उभी राहून खाली रस्त्याकडं बघत होती. टँकर थांबायचा तिथं वस्तीचे निळे ड्रम ओळीनं उभे होते. टँकरचं पाणी त्यांत पडायचं, पुढचा टँकर येईपर्यंत त्यांतच उन्हात तापत राहायचं, आणि मग त्यांतून गयाबाईच्या लखलखीत डब्यांत यायचं, लेकरांसाठी. "ती टिपाडंही तिथलीच का?" शैलानं विचारलं. "व्हय," गयाबाई म्हणाली, "एकाच गाडीत आनली की समदी."

शैलानं त्यातल्या एका ड्रममधून बाटलीभर पाणी घेतलं. ते काम तिला कुणी सांगितलं नव्हतं. प्रयोगशाळेतलं रीतसर काम आटोपल्यावर, मालक गेल्यावर तिनं ते यंत्रात लावलं. तेच शिखर, त्याच जागी. तेलातल्यापेक्षा ठेंगणं, पण होतं. त्या दिवसापासून शैला पूर्वीची राहिली नाही, असं मी अगदी स्पष्ट लिहिते.

आधी तिनं गयाबाईचं नाव सोडवायचा प्रयत्न केला. उरलेलं थोडं गवत पुन्हा भट्टीत घालायला लावलं, तेल काचेच्या बाटलीत घेतलं, तपासलं. कागद कोरा, आलेख स्वच्छ. तो घेऊन ती व्यापाऱ्याकडं गेली. तो सभ्य माणूस होता. म्हणाला, "मॅडम, पहिला अहवाल तुमचाच ना? मग त्या कॅनमधलं तेल अशुद्ध होतं की नव्हतं?" होतं. बाईनं लबाडी केली नाही हे दाखवणारं शिखर तिच्या यंत्रात नव्हतं. मग ती पाण्याच्या मागं लागली. मालक म्हणाले, हे तपासायला सांगितलं कुणी, आणि आपल्या कागदावर पाण्याबद्दल एक ओळही लिहायची नाही. एका कार्यालयात तिला सांगितलं की टँकरचं पाणी तपासलेलं आहे, ते चांगलं आहे. ते खरंच चांगलं होतं. ड्रमबद्दल विचारलं तर, ड्रम ज्याचा त्याचा. वस्तीवर जाऊन तिनं ते टाकून द्यायला सांगितलं, तर गयाबाई म्हणाली, "मंग पानी कशात घिऊ, ताई? टँकरवाला थांबतोय व्हय?" नवे आणून द्यावेत म्हटलं, तर बाजारात नवा म्हणून मिळणारा ड्रम खरंच नवा की धुऊन चमकवलेला, हे ती तपासल्याशिवाय सांगू शकत नव्हती. त्या पाण्यानं किती अपाय होतो, कधी होतो, होतो की नाही, हे मी तिला खोदून विचारायची. "माहीत नाही," ती म्हणायची. "आणि त्या ड्रमांत आधी एकच काही होतं असंही नाही ना. मी एक शोधलं, ते सापडलं. न शोधलेलं किती असेल?" तेल कुठल्याशा दूरदेशी साबणात जायचं होतं म्हणून त्याचा थेंबन् थेंब तपासला गेला. पाणी गयाबाईच्या नातवंडांच्या पोटात जायचं होतं, ते तपासायचं कुणाच्या मनात आलं नाही. मला याचा संताप यायचा. शैलाला यायचा नाही. ती आतून विझत चालली होती.

पुढच्या वर्षी रोशाही उगवलं नाही. त्या उतारावर आता चुन्याच्या रेघा आखून प्लॉट पाडलेत, कमान उभी आहे, घरं अजून नाहीत. वस्तीतली माणसं कामाच्या शोधात पांगली. बऱ्याच दिवसांनी शैलाला गयाबाई दिसली ती चिकलठाण्यातच, प्रयोगशाळेपासून फार लांब नाही. पत्र्याच्या कुंपणाआड ड्रमांची चळत, आणि त्यांत उकिडवी बसून गयाबाई ड्रम धूत होती. तेच जुने ड्रम, त्याच विकणाऱ्याचे. शैलाला बघून ती हरखून उठली. "ताई, तुमी सांगितलं तवापासनं लई घासून धुते बगा मी," ती म्हणाली. "बाकीच्या बाया नुसत्या इसळत्यात. म्या वास म्हनून राहू देत नाय. हुंगून बगा की." शैलानं ड्रममध्ये डोकं घालून वास घेतला आणि म्हणाली, "चांगलं धुता हो तुम्ही." हे मला सांगताना ती माझ्या स्वयंपाकघरात बसून ढसाढसा रडली. "काय सांगायचं गं तिला? अंगात मुरलेलं धुऊन जात नाही म्हणून? मग उद्या तिनं कुठं जायचं...?" शैलानं आयुष्यभरात दिलेला खोटा अहवाल मला एवढा एकच माहीत आहे.

काही वर्षांनी मालकांनी ती प्रयोगशाळा बंद केली आणि यंत्र दुसऱ्या गावी गेलं. शैला घरी बसली, आणि हुंगायला लागली. नाकानं ते कळत नाही हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्या द्रव्याला वासच नाही, हे तिनंच मला शिकवलं होतं. एकदा मी चिडून म्हटलं, कशाला हे नाटक करतेस? ती शांतपणे म्हणाली, "यंत्र नाही ना आता. नाक तेवढं आहे." पाऊस नंतर आला, चांगला आला, धरणही भरलं. पण शहराच्या नळांना रोजचं पाणी आलं नाही आणि निळे ड्रम कुठंही गेले नाहीत. तिच्या आजाराविषयी मी लिहीत नाही. तो कशानं झाला असेल असं येणारा-जाणारा विचारायचा, आणि ती म्हणायची, "नमुना हातात असला म्हणजे कारण कळतंच असं नाही." शेवटच्या भेटीत मी घरून स्टीलच्या बाटलीत पाणी नेलं होतं. तिला उठवत नव्हतं. मी पेला तोंडाशी धरला तर तिनं मान थोडी उचलून आधी वास घेतला. "नाही येत..." ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून, जवळजवळ हसत, "म्हणून काय झालं?" आणि दोन घोट प्याली. त्यानंतर ती डोळे मिटूनच होती.

तेराव्याला पडेगावच्या इमारतीत माणसं बरीच होती आणि पाणी नव्हतं. टँकर सांगितला होता, पण तो ओतून घ्यायचा कशात, यावर मुकुंदरावांची धांदल चालली होती. तेवढ्यात खाली एक टेम्पो थांबला आणि त्यातून गयाबाई उतरली. शैला अधूनमधून तिच्याकडं जायची, म्हणून मुकुंदरावांनी तिला निरोप धाडला होता. टेम्पोत एक निळा ड्रम होता, ऊन पडल्यावर डोळे दिपावेत इतका स्वच्छ. "ताईच्या कामाला दुसऱ्या कुनी धुतलेलं टिपाड नको म्हनलं," ती म्हणाली. "म्या सोता धुतलं. उन्हात ठिवलं. पुन्यांदा धुतलं." केस पार पांढरे झाले होते, हातांची कातडी सोलवटलेली होती. तिनं मला ओळखलं. झाकण काढलं आणि बाजूला सरून उभी राहिली. "बाई, ताई नायत. तुमी हुंगून बगा."

मी वाकले. आत नुसतं तापलेलं प्लास्टिक होतं, आणि थोडा साबण. डोकं वर काढलं तेव्हा ती माझ्या तोंडाकडं बघत होती, परीक्षेचा निकाल ऐकायला उभी असल्यासारखी. "नाही येत वास," मी म्हणाले. "चांगलं धुतलंय तुम्ही." तिनं पदरानं डोळे पुसले आणि मग टँकरचा पाइप स्वतःच्या हातानं ड्रममध्ये सोडला. पंगती बसल्या. सगळे ते पाणी प्याले, पोरंबाळंसुद्धा. मीही प्याले. दुसरं काही करता आलं असतं असं मला आजही वाटत नाही, आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं.

ड्रम परत न्यायला गयाबाई तयार झाली नाही. तो आता मुकुंदरावांच्या बाल्कनीत आहे. माणसं पांगल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं, आलेखातल्या त्या शिखरासकट. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली. गेल्या आठवड्यात गेले तर ड्रम काठोकाठ भरलेला होता. नळाला पाणी येऊन गेलं होतं. "साठवायला दुसरं आहे काय?" ते म्हणाले. "आणि तिच्यासाठी आणलेला... टाकवत नाही." मला दम लागला होता, तिसरा मजला चढून. त्यांनी पेला घेतला, ड्रमचं झाकण सरकवून पाणी काढलं, आणि माझ्या हातात देण्याआधी तो नाकाशी नेला. एकदा नाही, दोनदा. अगदी शैलासारखं.

"वास नाही," ते म्हणाले, आणि पेला माझ्या हातात दिला.